शेवंतीकाकीची दारं

शेवंतीकाकीकडे कुणी गाडी घेऊन आलं की ती आधी त्या गाडीत बादलीभर पाणी ओतायची. मालकाची परवानगी वगैरे काही नाही. मालक माझ्याशी बोलत असायचा, दारं कशी हवीत, सीटचा रंग कोणता, आणि तिकडे काकी नळाखालची बादली उचलून सरळ ड्रायव्हरच्या पायाशी रिकामी करायची. मग पदर खोचून उकिडवी बसायची आणि पाणी कुठे जातंय ते बघत राहायची.

पुण्याहून आलेले एक गृहस्थ यावरून फार भडकले होते. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर डोंगरात, किनाऱ्यावर गाडी घालायचा त्यांना शौक. गाडी नवी, फोर बाय फोर, आत नवं मॅटिंग. त्यांच्या देखत बादली ओतली गेली तेव्हा त्यांचा आवाज शेजारच्या चार गाळ्यांत ऐकू गेला. काकी त्यांचं ओरडून होईपर्यंत थांबली आणि मग बोटाने सीटखाली दाखवलं. पाणी तिथे तळ्यासारखं साचलं होतं आणि त्या तळ्यात वायरींचा एक जाड जुडगा आरामात पडला होता.

"पाणी आत कुठनं येतं ते सगळ्यांना ठाव असतं," काकी म्हणाली. "बाहेर कुठनं जातं ते कोण बघत नाय."

गृहस्थ मग अर्धा तास तिच्या शेजारी उकिडवे बसून होते. जाताना गाडी ठेवून एसटीने पुण्याला गेले.

काकी जाऊन आता दोन वर्षं झाली. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, खिडक्यांचे गज, गेट, पत्र्याच्या शेड अशी कामं. माझ्या शेजारचा गाळा तिचा. अकरा वर्षं आमची भिंत एक होती. त्या भिंतीला मधे दार नव्हतं, म्हणून काकीला काही हवं असलं की ती कात्रीने भिंतीवर ठोकायची. दोनदा ठोकलं म्हणजे चहा, तीनदा म्हणजे ये. 

ती मूळची मिऱ्याकडची, बोटवाल्यांच्या घरातली. तिचे वडील होड्यांची शिडं शिवायचे. होड्यांना इंजिनं आली, शिडं गेली, आणि वडील ताडपत्र्या शिवायला लागले. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवल्या की त्यांच्यावर घालायची कापडं काकी लग्नाआधीपासून शिवत होती. तळहाताला चामड्याची पट्टी बांधून दाभणाने जाड कापड शिवताना मी तिला पाहिलं आहे. तिच्या हाताची शिवण कधी वाकडी गेलेली आठवत नाही. खडूचा तुकडा ती अंबाड्यात खोचून ठेवायची. त्यामुळे केसांत पांढरं किती खरं आणि किती खडूचं हे कुणालाच कळायचं नाही. चष्म्याची एक काडी कधीतरी मोडली होती, ती तिने नायलॉनच्या दोऱ्याने बांधली होती, आणि नवा चष्मा करायचा विषय काढला की म्हणायची, "आता ही काडी दुसऱ्या काडीपेक्षा मजबूत हाय."

गाड्यांचं काम आमच्याकडे आलं ते मजीदभाईंमुळे. मजीदभाई मासळीचे व्यापारी. काळबादेवीच्या किनाऱ्यावर रापणीची लांबलचक जाळी ओढली जायची, तिथे ते आपली पिकअप थेट वाळूत उतरवायचे आणि मासळीच्या पेट्या भरून निघायचे. खारं पाणी, वाळू आणि पेट्यांतून गळणारं बर्फाचं पाणी या तिघांनी मिळून गाडीची दारं खालून खाऊन टाकली होती. दाराच्या तळाला पाणी निघायला बारीक भोकं असतात. त्यांत वाळू बसली की पाणी दाराच्या पोटातच राहतं आणि पत्रा आतून सडतो. मी त्या दारांना दोन वर्षांत तीनदा ठिगळं लावली होती. चौथ्यांदा मजीदभाई आले तेव्हा काकी चहाचा कप घेऊन माझ्याकडे उभी होती.

"ठिगळं कशाला लावतोस," ती म्हणाली. "अर्धं दार कापून टाक."

मजीदभाईंना वाटलं ती चेष्टा करते आहे. ती चेष्टा करत नव्हती. मी पत्र्याची दारं उतरवली आणि पाइपची अर्धी चौकट बनवली, बिजागरीतून वर उचलली की हातात येईल अशी. काकीने तिच्यावर ताडपत्रीचं कापड ताणून बसवलं, वरच्या भागाला गुंडाळून ठेवता येईल असा पडदा दिला. मग ती आत शिरली. मॅटिंग ओढून बाहेर फेकलं, मॅटिंगखालचा जाड लोकरीचा नमदा फेकला. तो नमदा पिळला असता तर पाव बादली पाणी निघालं असतं. "गाडीला गोधडी पांघरवून समुद्रात नेता होय," असं ती मजीदभाईंना म्हणाली आणि मला फरशीला सगळ्यात खोलगट जागी चार भोकं पाडायला लावली. त्यांना रबरी बुचं बसवली. सीटचा स्पंज काढून तिथे पाणी न पिणारा फोम घातला, वर होडीच्या कामाचं कापड, शिवण सगळी खालच्या बाजूला, म्हणजे बसणाऱ्याच्या अंगाखालून पाणी आत जाणार नाही, आणि गेलंच तर तळाला पितळी रिंगा ठोकलेल्या, त्यांतून निघून जाईल.

मजीदभाई पुढच्या आठवड्यात पापलेटं घेऊन आले. सीट नळीने धुता येते याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी आमच्यासमोर ती दोनदा धुऊन दाखवली.

तिथून नाव झालं. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे जीपवाले आले, आंब्याच्या बागांतून पाणंदीच्या वाटांनी जाणारे बागायतदार आले, नुसती हौस असलेलेही आले. काकी सगळ्यांना सारखंच वागवायची. दाराचे नमुने ती जुन्या फ्लेक्सवर कापायची, कारण ते कापड फुकट मिळायचं आणि भिजायचं नाही. निवडणुका झाल्या की तिची चंगळ. तिच्या गाळ्यात खिळ्यांना ते नमुने टांगलेले असायचे, कुणा पुढाऱ्याचा अर्धा चेहरा, कुणाचे जोडलेले हात, कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. "तो हसणारा काढ," असं ती म्हणाली की समजायचं, जुन्या जीपच्या डाव्या दाराचा नमुना हवा आहे.

तिचा नवरा दत्ताराम. मालवाहू जहाजांवर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम होता, निवृत्त होऊन घरी आला होता. काकी त्याला नावाने हाक मारायची नाही, इतरांशी बोलताना "आमचा बोसन" म्हणायची. घरात स्वयंपाक तोच करायचा. जहाजावर तीस वर्षं दुसऱ्याच्या हातचं खाल्लं, आता आपल्याला काय आवडतं ते आपणच करून बघणार, असं त्याचं म्हणणं. दुपारी एकला तो सायकलवरून डबा घेऊन यायचा, काकी जेवेपर्यंत दाराशी बसून दोरीच्या गाठी मारत राहायचा, रिकामा डबा घेऊन परत जायचा. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. डब्यात काही उरलं तर मात्र तो काय उरलं ते नीट बघायचा.

आता चेनीचं सांगतो.

दोन-तीन वर्षं गेल्यावर गिऱ्हाइकांना अर्धी दारं जुनाट वाटायला लागली. मोबाईलवर परदेशातल्या गाड्यांचे फोटो दाखवायचे. त्यांत पूर्ण कापडी दार, दोन्ही बाजूंना चेन, खाली ओढली की बंद, वर ओढली की दार गुंडाळून छपराला. दिसायला देखणं होतं यात शंका नाही. काकीला चेन फारशी पसंत नव्हती. वाळू बसेल म्हणाली. पण गिऱ्हाईक मागतं म्हटल्यावर जाडीतली जाडी चेन मुंबईहून मागवून ती तशी दारं शिवू लागली. मलाही ते सोयीचं होतं. चौकटी बनवायचं माझं काम कमी झालं आणि गाड्या लवकर सुटायला लागल्या.

त्यातली एक जीप चिपळूणच्या एका गुरांच्या डॉक्टरांची. मोठा हसतमुख माणूस. गावोगाव, वाडीवाडीवर जायचे, म्हैस अडली म्हणून निरोप आला की वाटेतल्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी असो नसो गाडी घालायचे. त्यांच्याबरोबर त्यांचे कंपाउंडर असायचे, गुरवमामा, साठीच्या पुढचे, सडपातळ, औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसणारे. मी त्यांना जीप न्यायला आले तेव्हा एकदाच पाहिलं होतं. नवं दार तीन-चार वेळा उघडून-लावून बघत होते.

पुढच्या पावसाळ्यात एके दिवशी डॉक्टर एकटेच आमच्याकडे आले. गाडीचं डावं दार फाटलेलं होतं, ते नवं करून हवं होतं. काय झालं ते त्यांनी आपल्या पद्धतीने, हसत हसत सांगितलं. पऱ्यातून जाताना मधोमध गाडी बंद पडली. वर डोंगरात पाऊस झाला असावा, लोंढा आला आणि पाणी बघता बघता सीटच्या वर चढलं. डॉक्टरांच्या बाजूची चेन अर्धी उघडीच होती, ते निसटले. गुरवमामांच्या बाजूची चेन वाळूने बसली. वर होईना, खाली होईना. डॉक्टर पाण्यातून फिरून त्यांच्या बाजूला गेले आणि खिशातल्या ब्लेडने कापड कापायला लागले. कापून होईपर्यंत पाणी मामांच्या हनुवटीला लागलं होतं. ओढून काढताना त्यांचा खांदा निखळला. चार दिवस दवाखान्यात होते, आता बरे आहेत.

"पण काकी, एक सांगतो," डॉक्टर म्हणाले, "तुमची शिलाई म्हणजे शिलाई. ब्लेड चालेना हो. अशी मजबूत शिवण मी आयुष्यात बघितली नाही."

त्यांनी हे अगदी मनापासून, कौतुकाने म्हटलं. काकी तेव्हा मशीनच्या सुईत दोरा ओवत होती. तिने दोरा तसाच सोडला. दोनच गोष्टी विचारल्या. मामा कुठल्या बाजूला होते, आणि कापायला किती वेळ लागला.

"तीन-चार मिनिटं," डॉक्टर म्हणाले. "मामांना विचाराल तर तास सांगतील."

त्या दुपारी डबा न उघडता परत गेला. बोसन माझ्याकडे आला आणि काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. सायकल तिथेच ठेवून बराच वेळ तिच्या दाराशी बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर तीनदा ठोकलं गेलं. मी गेलो.

"सुरेश," ती म्हणाली, "चेनीची दारं किती गाड्यांना लावली आपण?"

मी म्हटलं, कोण मोजतंय. पण तिला आठवत होतं. तिला मालकांची नावं आठवत नव्हती, कापडं आठवत होती. हिरवं कापड, उजव्या दाराला तिरकी पट्टी, तो राजापूरचा. खाकी, ज्याच्या सीटला उंदीर लागला होता, तो. निळं, बायको भांडत होती ती. बोटांच्या पेरांवर मोजत मोजत ती सतरावर आली. सतराही गाड्यांच्या चेनी काढायच्या, असं तिने सांगून टाकलं, आणि फुकट काढायच्या.

मी विरोध केला, हे इथे कबूल केलं पाहिजे. डॉक्टरांची तक्रार नव्हती. बाकी सोळा जणांचीही नव्हती. आपण होऊन लोकांच्या दारात जाऊन तुमचं दार वाईट आहे म्हणून सांगायचं म्हणजे उद्या कोण आपल्याकडे येणार? शिवाय चेन त्यांनीच मागितली होती, काकीने आधी नको म्हटलं होतं, मी साक्षीला होतो. हे सगळं मी तिला सांगितलं. तिने पुरतं ऐकून घेतलं.

"मागितली त्यांनी," ती म्हणाली. "शिवली कोणी?"



चेन काढली तर तिच्या जागी काय, हा प्रश्न होता. बटणं सुटतात, चिकटपट्टीत वाळू बसते. उत्तर बोसनने दिलं. डब्याच्या पिशवीला तो दोरीचे छोटे छोटे फास बांधत बसला होता. एक फास दुसऱ्यातून, दुसरा तिसऱ्यातून, असे एकात एक ओवत त्याने पिशवीची कड पार खालपर्यंत बंद केली आणि शेवटचा फास एका काडीला अडकवला. मग काडी उपसली आणि पिशवी झटकली. सगळे फास एकामागून एक सरसरत सुटले. जहाजावर मोठी कापडं अशी बांधतात, म्हणाला, वादळात सोडवायला वेळ नसतो. काकीने ती पिशवी हातात घेतली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "एवढी वर्षं सांगितलं नाय ते?"

"तू विचारलंस कधी," बोसन म्हणाला.

पहिलं दार तिने माझ्याच जुन्या जीपवर बसवून पाहिलं. मला आत बसवलं, फासांवर ओल्या वाळूचा चिखल थापला, डोळे मिटायला सांगितले आणि वरून पाणी ओतलं. शेवटचा फास अडकवलेली खुंटी मी चाचपडत होतो, ती माझ्या कानाच्या मागे निघाली. "हात आपण होऊन जातो तिथं पायजे," असं म्हणून तिने खुंटी खाली आणली, मांडीच्या वर एक वीत. पुन्हा पाणी. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा मी डोळे मिटलेले असताना माझा हात थेट खुंटीवर गेला आणि दार पायाशी गळून पडलं. मी थंडीने कुडकुडत होतो. ती खडूने खूण करत होती.

मग आम्ही फिरायला लागलो. जवळच्या गाड्या वर्कशॉपवर बोलावल्या. लांबच्यांसाठी काकी ताडपत्रीची गुंडाळी खांद्यावर घेऊन एसटीने निघायची, मी जमेल तेव्हा बरोबर जायचो. डॉक्टरांची जीप सगळ्यांत आधी झाली. बहुतेक लोकांनी खळखळ केली नाही. काहींनी तर मोठ्या आदराने चहा दिला आणि आपण काय ऐकतो आहोत ते त्यांना नीट कळलं आहे असं काही वाटलं नाही.

एकजण मात्र अडला. एका पर्यटनाच्या किनाऱ्यावर त्याच्या दोन जीपा चालायच्या. फास आणि खुंट्या बघून तो हसला. माझ्या गाडीची बैलगाडी करताय, म्हणाला, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या जीपमध्ये बसेल. काकी वाद घालायची नाही. तिने त्याला एवढंच विचारलं, की तू जरा आत बसतोस काय. तो बसला. काकीने चेन खाली ओढून बंद केली, ओंजळभर ओली वाळू चेनीवर चोळली आणि त्याला बाहेर ये म्हणून सांगितलं.

आधी तो हसत होता. चेनीचा खटका दोन बोटांनी ओढला, मग पूर्ण हाताने, मग दोन्ही हातांनी. भोवती त्याचेच दोघे-तिघे जीपवाले उभे होते, तेही हसत होते. मग कापडाच्या आतून त्याचं हसणं थांबलं. कापडावर आतून त्याचा तळहात उमटलेला दिसत होता, एकदा इथे, एकदा तिथे. कोरड्या वाळूवर, भर सकाळी, पाणी शंभर पावलांवर. तरी त्या दोन मिनिटांत बाहेरचे सगळे गप्प झाले. काकीने कमरेची कात्री काढून चेनीच्या वरच्या टोकाचा एक टाका कापला आणि चेन दोन्ही बाजूंना फाकली. तिची स्वतःची शिवण. कुठे कापायचं ते तिला ठाऊक होतं.

तो बाहेर आला. घामाने चिंब झाला होता. "दोन्ही गाड्यांचं करा," म्हणाला, आणि पाणी प्यायला गेला.

सतरावी गाडी सापडत नव्हती. ते हिरवं कापड, तिरकी पट्टी. मूळ मालकाने ती विकली होती, घेणाऱ्याने पुढे तिसऱ्याला. काकी महिनाभर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक जीपकडे मान वळवून बघायची. शेवटी मजीदभाईंनी पत्ता काढला. आम्ही राजापूरला गेलो, तिथून रिक्षाने एका वाडीवर. जीप एका मांगराच्या, शेतातल्या खोपटाच्या, मागे चाकांविना उभी होती आणि तिच्यात कोंबड्या होत्या. मालकीणबाईंनी कौतुकाने सांगितलं, की कापड इतकं चांगलं आहे की पावसाचा थेंब आत येत नाही, कोंबड्या खूष आहेत. मी हसून परत फिरलो. काकी कात्री काढून गाडीकडे निघाली होती.

"अगो काकी, कोण बसतंय त्याच्यात आता," मी म्हटलं.

तिने दोन्ही चेनी उसवल्या, कोंबड्यांनी रात्री आत राहावं म्हणून फास बसवून दिले, बाईंना ते कसे सोडायचे ते शिकवलं. मगच आम्ही जेवलो. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसल्या बसल्या झोपली. त्या पावसाळ्यात मी तिला झोपलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मला वाटलं, संपलं. पण गुरवमामा राहिले होते.

डॉक्टरांच्या जीपला नवं दार बसवायला आम्ही चिपळूणला गेलो तेव्हा मामा नव्हते. ते आता जीपमध्ये बसत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सकाळच्या एसटीने पुढे जातात, जिथे एसटी नाही तिथे चालत जातात, डॉक्टर पोचायच्या आधी नाहीतर नंतर पोचतात. डॉक्टरांनी समजावून पाहिलं होतं, पण नोकरी सोडीन, गाडीत बसणार नाही, असं मामा म्हणाले होते. काकीने हे ऐकलं होतं आणि मला वाटलं ती विसरली.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या डाव्या हाताला कंप सुटू लागला. मशीनवर कापड सरळ धरवेना. पनवेलला मुलगी होती, ती बरेच दिवस बोलावत होती. काकीने एका आठवड्यात गाळा रिकामा केला. मशीन मिऱ्याकडच्या एका भाचीला दिलं, नमुन्यांचे फ्लेक्स माझ्याकडे ठेवले. बोसन सामान घेऊन आधी पुढे गेला. काकी म्हणाली, मी चिपळूणहून गाडी पकडते, तू मला मोटरसायकलने चिपळूणला सोड. रत्नागिरीला स्टेशन असताना चिपळूणहून कशाला, हे मी विचारलं नाही.

आम्ही डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा गुरवमामा एसटीला निघायच्या तयारीत होते. काकी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी शेवंती," ती म्हणाली. "तुमचं दार मी शिवलेलं."

मामा गडबडले. सभ्य माणूस. तुमचा त्यात काय दोष, पाणीच तसं होतं, असं काहीतरी म्हणाले.

"पाणी कसं पण असू दे, दार माझं होतं. मी आज पनवेलला चाल्ले. परत कधी येईन सांगता येत नाय. आज एकदा माझ्याबरोबर बसा. उद्यापासून एसटीने जावा."

मामा जीपजवळ गेले. खुंटी उपसली, दार गळून पडलं. पुन्हा ओवलं, पुन्हा उपसली. असं तीनदा केलं. कुणी त्यांना घाई केली नाही. मग ते औषधांची पेटी घेऊन पुढे डॉक्टरांच्या शेजारी बसले. काकी त्यांच्या मागे, खोक्यांच्या मधे, आपलं बोचकं मांडीवर घेऊन. मला जागा नव्हती. मी मोटरसायकलवरून मागोमाग निघालो.

तो पऱ्या चिपळूणपासून तासाभरावर. थंडीचे दिवस, पाणी गुडघाभर आणि अगदी नितळ. मी अलीकडच्या काठावर थांबलो. जीप पाण्यात उतरली आणि मधोमध गेल्यावर थांबली. इंजिन बंद झालं. काकीनेच सांगितलं असणार. पाण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने मामांच्या बाजूचे फास सुटले, दार खाली पडलं आणि दोरीला लटकून पाण्यावर तरंगायला लागलं. मामा खाली उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले. वाकून त्यांनी तोंड धुतलं. मग पुन्हा आत बसले आणि एकेक फास ओवायला लागले. दुखऱ्या खांद्यामुळे त्यांना वेळ लागत होता. काकीने मदत केली नाही.

जीप पलीकडे चढली आणि पुन्हा थांबली. मामा मागे वळून काकीला हाताने काहीतरी दाखवत होते. काठाला एक करंजाचं झाड होतं, पाण्यावर झुकलेलं. त्या दिवशी पाण्यातून बाहेर काढल्यावर मामा त्याच झाडाला धरून उभे होते, असं डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. काकी खाली उतरली, चपला काढल्या, झाडाजवळ गेली. बुंध्यावर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग हात पदराला पुसला, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली.

पुढे वळण होतं. जीप त्यावरून दिसेनाशी झाली; काम आटोपून डॉक्टर तिला स्टेशनवर सोडणार होते, म्हणून मी तिथूनच परतलो. आठ महिन्यांनी पनवेललाच काकी वारली. निरोप मिळाला तेव्हा मला पोचायला उशीर झाला होता. त्यामुळे माझ्यापुरती ती त्या वळणावरूनच गेली, डॉक्टरांच्या जीपमधून, खोक्यांच्या मधे बसून.